पिल्लू पिल्लूच राहिलं तर?

डिसेंबर लागला की ठाण्यातलं गडकरी रंगायतन, घोडबंदर रस्त्याकडचं घाणेकर नाट्यगृह आणि खाडीपलीकडे वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह शाळांच्या स्नेहसंमेलनांनी भरून जातं. सकाळच्या सत्रात एक शाळा, दुपारच्या सत्रात दुसरी. ज्यांना तारीख मिळत नाही किंवा भाडं झेपत नाही, त्या पटांगणात मांडव घालतात. कार्यक्रमपत्रिकेत लेझीम असते, कोळीगीत असतं, शिवराज्याभिषेक असतो आणि एक परीकथा असते. ती बहुधा एकाच घाटाची: कुणीतरी कुरूप, वेगळा, हाकलून दिलेला. तो हाल सोसतो आणि शेवटी सुंदर होतो. मग सगळे त्याला जवळ घेतात, मोठ्या वर्गाचं नाटक असेल तर राजकन्याही मिळते आणि पडदा पडतो.

कुरूप बदकपिल्लाची ही परीकथा विंगेतून बघावी. अठरा मिनिटं करडं पिल्लू होऊन ठेचा खाल्लेला मुलगा धुराच्या मशीनच्या आडून आत येतो आणि त्याच क्षणी दुसरा मुलगा पांढरे पंख फडफडवत रंगमंचावर जातो. दोन मुलं का? तोंडाला थापलेला काळा पॅनकेक, म्हणजे रंगभूषेचा लेप, चाळीस सेकंदांत निघत नाही म्हणून. खोबरेल तेलाचा हात फिरवून फडक्यानं खसाखसा पुसलं तरी भुवयांत, नाकपुडीशेजारी, कानाच्या पाळीमागे राखाडी थर राहतोच. तेलकट कातडीवर दुसरा बेस बसत नाही, दिव्याखाली दोन मिनिटांत त्याला भेगा पडतात. रंगभूषाकार हे पहिल्याच तालमीत सांगतो आणि बाई ‘डबल’ घ्यायचं ठरवतात. पहिला मुलगा सावळा निवडला जातो, कारण त्याला रंग कमी लागतो. दुसरा उजळ. टाळ्या वाजतात त्या दुसऱ्याला. पहिला तोवर विंगेत तोंड पुसत उभा.

यात कोणाचा दुष्टावा नसतो. वेळ कमी, मुलं चाळीस, रंगभूषाकार एक, अशा गणितातून ते आपोआप ठरत जातं. पण आपोआप ठरतं म्हणूनच त्यावर बोलायला हवं. म्हणणं एवढंच आहे, की शाळांनी आणि बालनाट्य बसवणाऱ्या मंडळींनी शेवटचा रूपांतराचा प्रसंग काढून टाकावा. पिल्लू शेवटपर्यंत करडं राहू द्यावं आणि त्याला तसंच प्रेम मिळू द्यावं. हे बोलायला सोपं आहे. करायला गेलं की नाटक मधोमध फाटतं. ते कुठे फाटतं आणि कसं शिवायचं, हे सांगितल्याशिवाय या आग्रहाला अर्थ नाही.

आधी मूळ कथेकडे जाऊ. हान्स ख्रिश्चन अँडरसनची कुरूप पिल्लाची गोष्ट डॅनिश भाषेत १८४३ साली आली. गदिमांनी तळ्यातल्या बदकांचं गाणं लिहिलं, आशाबाईंनी ते गायलं आणि मराठी घरांत ती गोष्ट जणू इथलीच झाली. आपण ती ‘स्वतःला कमी लेखू नका’ अशी सांगतो. मूळ कथा शांतपणे वाचली तर ती तसं म्हणत नाही. पिल्लू स्वतःला कुठेच स्वीकारत नाही. म्हातारीच्या झोपडीत मांजर आणि कोंबडी त्याला विचारतात, तुला अंडी घालता येतात का, गुरगुरता येतं का? त्यालाही वाटतं, नाही येत म्हणजे आपण फुकटच. हिवाळ्यात ते बर्फात गोठतं. वसंतात हंस दिसतात तेव्हा ते त्यांच्याकडे जातं ते मरायला. मान खाली घालून, मारा मला म्हणून. आणि खाली घातलेल्या मानेमुळे त्याला पाण्यात स्वतःचं रूप दिसतं. ते रूप हंसाचं निघालं म्हणून बरं. बदकाचंच निघालं असतं तर? अँडरसन पुढे असंही म्हणतो, की हंसाच्या अंड्यातून आलेल्याला बदकांच्या आवारात जन्मल्यानं काही फरक पडत नाही. हे वाक्य मराठीत मोठ्यानं वाचून बघा. आपल्याकडे याला ‘जातिवंत’ म्हणतात. पिल्लाची सुटका ते चांगलं होतं म्हणून झाली नाही, त्यानं स्वतःला ओळखलं म्हणूनही नाही. त्याचं कूळ मोठं निघालं म्हणून झाली. तळ्यात खरोखरचं एखादं कुरूप बदक असेल, तर त्याच्यासाठी या गोष्टीत एक ओळही नाही. आणि वर्गातली बहुतेक मुलं, तुम्हीआम्हीसुद्धा, बदकंच असतो.

आपल्या घरची गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती संमेलनात कोणी करत नाही. श्रावणी सोमवारची कहाणी. आटपाट नगरातल्या राजाला चार सुना, तीन आवडत्या आणि एक नावडती. नावडतीला उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, राहायला गुरांचा गोठा. ती शिवामूठ वाहते: पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, तिसऱ्या सोमवारी मूग, चौथ्या सोमवारी जव. ‘नावडती आहे ती आवडती कर रे देवा’ एवढंच मागते. कहाणी संपताना ती आवडती होते. या अख्ख्या कहाणीत तिच्या रूपाबद्दल एक शब्द नाही. ती काळी होती की गोरी, शेवटी उजळली का, काहीच नाही. बदलतात ते सासरचे लोक. देऊळ दिसतं, राजाला जरा धक्का बसतो आणि पालखी येते. आता इथेही आवडतं होण्याची दोरी सासऱ्याच्याच हातात आहे, हे खरं. नावडती एकदाही म्हणत नाही की मी आहे ती बरी आहे. तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असा काही दावा नाही. पण नाट्यरचना म्हणून बघा. मधल्या माणसाला हात न लावता भोवतालचं जग बदललं तरी गोष्ट पूर्ण होते, हे आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होतं. आघाड्याची पानं हातात घेऊन ऐकणाऱ्या कोणीही कधी विचारलं नाही, की मग ती सुंदर कधी झाली?

‘सुंदरी आणि श्वापद’ बसवणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. ही कथा आधी मादाम द वीलनव यांनी १७४० साली लिहिली. आज जी सगळीकडे सांगितली जाते ती मादाम लप्रँस द बोमाँ यांनी १७५६ साली केलेली आटोपशीर आवृत्ती. तीत मुलगी श्वापदाला होकार देते, झगमगाट होतो आणि समोर देखणा राजपुत्र उभा राहतो. त्यावर ती पहिला प्रश्न काय विचारते? माझं श्वापद कुठे गेलं? इतकी नेमकी जागा अख्ख्या परीकथा-वाङ्मयात क्वचित सापडेल. तिचं प्रेम त्या केसाळ चेहऱ्यावर बसलेलं आहे, नवा माणूस तिला परका वाटतो. नेमकं हेच वाक्य संमेलनाच्या संहितेत पहिलं कापलं जातं, कारण त्यावर टाळी येत नाही. (बेडूक राजपुत्राचंही तेच. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या आवृत्तीत राजकन्या बेडकाचा मुका घेत नाही, वैतागून त्याला भिंतीवर फेकते. मुका मागाहून चिकटला.)

आता कामाचं. रूपांतर काढलं की तीन ठिकाणी गळती लागते.

पहिली गळती हशांची. नेहमीची संहिता घ्या, लाल पेन्सिल घ्या आणि जिथे प्रेक्षक हसतील त्या प्रत्येक वाक्याशेजारी बोलणाऱ्याचं नाव लिहा. जवळजवळ सगळी नावं चिडवणाऱ्यांची निघतील. कोंबडा, मांजर, सावत्र बहिणी यांना मजेदार वाक्यं आणि पिल्लाला हुंदके. म्हणजे अठरा मिनिटं आपण सहाशे प्रेक्षकांना चिडवणाऱ्यांच्या बाजूनं हसायला शिकवतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्यांनी पिल्लावर प्रेम करावं अशी अपेक्षा ठेवतो. रूपांतराची चमक असते म्हणून ही लबाडी खपून जाते. ती काढली की उघडी पडते. उपाय साधा आहे: निम्मे हशे पिल्लाला द्या. त्याला तिरकस बोलू द्या, स्वतःच्या फजितीवर त्यालाच पहिल्यांदा हसू द्या. रडणारं पात्र मुलांना दोन मिनिटांच्या वर सोसत नाही, खाली चुळबुळ सुरू होते. हसवणाऱ्या पात्राच्या मागे ती कुठेही येतात.

दुसरी गळती खोल आहे. स्वतःला स्वीकारणं ही आत घडणारी गोष्ट, रंगमंचावर ती दिसत नाही. म्हणून लेखक पिल्लाला भाषण देतो: ‘मी जसा आहे तसाच चांगला आहे!’ हे वाक्य नववीतला मुलगा उजवा हात वर करून म्हणतो आणि नाटक तिथेच मरतं. कृती लागते, तीही तीनदा. पहिल्या प्रवेशात पात्र एखादी गोष्ट लपवतं, मधल्या प्रवेशात ती नाइलाजानं उघडी पडते, शेवटच्या प्रवेशात ते ती विसरून जातं. हो, अभिमानानं मिरवत नाही, विसरतं. शाळेत चष्मा पहिल्यांदा लावून आलेलं मूल बघा. आठवडाभर काढून ठेवतं, मग कोणी बघत नसताना लावतं, मग एक दिवस चष्म्यासकट फुटबॉल खेळत असतं. तो फुटबॉलचा दिवस बसवायचा आहे.

तिसरी गळती टाळीची. शेवटी टाळी आली नाही तर मुलं हिरमुसतात आणि मुख्याध्यापक पुढच्या वर्षी कोळीगीत घ्या म्हणतात. यावर उगाच तात्त्विक बोलण्यात अर्थ नाही. टाळी सौंदर्याला येते हा गैरसमज आहे, टाळी पूर्णविरामाला येते. संगीत सगळ्यात वरच्या पट्टीवर जाऊन सम गाठतं, प्रकाश पूर्ण होतो, सगळी मुलं तीन अंक मोजेपर्यंत स्तब्ध उभी राहतात आणि काळोख होतो. एवढं नेमकं जमलं तर गुणाकाराच्या पाढ्यावरही टाळी येईल. बहुतेक वेळा चुकतो तो काळोख. दिवेवाल्याला खूण उशिरा मिळते, मुलं आधीच हलतात आणि टाळी विस्कटते. खूण शब्दावर देऊ नका, मुलं शब्द विसरतात. ती ढोलकीच्या थापेवर द्या.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांना परदेशी हंस आणायची गरजही नाही. आपल्याकडे असला हंस नसतोच. आपल्याकडे येतात ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत, ऐरोलीला, नेरूळच्या पाणथळींवर हजारोंनी उतरतात. खाडीचा हा पट्टा २०१५ साली अभयारण्य झाला, २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला आणि नवी मुंबई स्वतःला फ्लेमिंगोंचं शहर म्हणवते. फ्लायओव्हरच्या खांबांवर, चौकांत, भिंतींवर गुलाबी पक्षी रंगवलेले दिसतात, सगळे एकजात गुलाबी. खऱ्या थव्यात मात्र करडे असतात. रोहितांची पिल्लं करडी, चोच आधी सरळ, वाकडी होते ती नंतर. वयात येईतो दोन-तीन वर्षं ती मळकट राखाडीच राहतात. गुलाबी रंग अंड्यातून येत नाही, खाण्यातून येतो: शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव यांतल्या रंगद्रव्यातून. म्हणजे कुळाचा प्रश्नच मिटला. आणखी एक गोष्ट तर नाटककारानं सुचवली असती तरी खोटी वाटली असती. रोहित नर-मादी दोघंही पिल्लाला गळ्यातून पाझरणारं लालसर दूध भरवतात आणि त्या काळात स्वतः फिके पडत जातात.

पण पक्ष्यांकडून नीती शिकायला जाऊ नये, ते आपल्याला तोंडघशी पाडतात. मोठे रोहित शेपटीजवळच्या ग्रंथीतलं रंगीत तेल गालानं पिसांना चोळतात, अगदी रंगभूषेसारखं, आणि अधिक गडद दिसणाऱ्यांची घरटी लवकर बसतात असं अभ्यासकांना दिसलं आहे. तेव्हा ‘निसर्गात बघा, कसा भेदभाव नाही’ असं वाक्य संहितेत घालू नका. तो खोटेपणा होईल. खाडी आपल्याला फक्त चित्र देते, निवाडा आपणच द्यायचा.

त्या चित्रावर बावीस मिनिटांचं नाटक असं उभं राहतं. मुलं चाळीस: एक करडा, सव्वीस गुलाबी, चार बगळे, चार खेकडे, दोघं कोळी नवरा-बायको, तिघं कॅमेरेवाले. पहिल्या हिवाळ्यात करडा कच्छहून थव्याबरोबर येतो. थव्यात कोणाला त्याचं काही वाटत नाही, इथे नीट लक्ष द्या. बोट येते, कॅमेरेवाले म्हणतात, ‘अरे, तो करडा जरा बाजूला करा, फ्रेम बिघडतेय.’ एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बोट यायच्या आधीच थवा स्वतःहून त्याला बाजूला करतो. हाकलणं असंच घडतं. उंच आवाजातल्या दुष्ट कोंबड्यामुळे घडत नाही. आठवीच्या मुलांना हे एका वाचनात कळतं, वर्गाच्या ग्रुप फोटोत कोण कडेला जातो हे त्यांना चांगलंच ठाऊक असतं.

करडा मग भरतीबरोबर वाहून आलेल्या गुलाबी प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे अंगाला चिकटवतो. हा मधला भाग विनोदाचा. तुकडे दुहेरी टेपनं लावू नका, घामानं ते वेळेआधी पडतात. वेल्क्रोचे ठिपके शिवून घ्या, म्हणजे पाहिजे त्या तालावर निघतील. भरतीचं पाणी म्हणजे दोन टोकांनी धरलेलं निळं-करडं कापड, सहा मीटर लांब, चार मुलं हलवणारी. पाणी चढतं, तुकडे सुटतात. पाण्यात वाकून करडा आपलं रूप शोधतो. अँडरसनच्या तळ्यात ते दिसलं, ठाण्याच्या गढूळ खाडीत कोणाचंच दिसत नाही. सगळा थवा उलट्या चोचीनं वाकून चरत असतो आणि पाण्यात सगळ्यांच्या सावल्या एकाच रंगाच्या. करडाही त्या नादात चरायला लागतो आणि पुढचा प्रवेश होतो तेव्हा तो तुकड्यांविषयी विसरलेला असतो. याहून जास्त काही लिहू नका.

इथे एक मोह होतो आणि तो रूपांतराइतकाच वाईट आहे. करड्या रंगामुळे तो गरुडाला दिसत नाही, थव्याला वाचवतो आणि मग सगळे त्याला डोक्यावर घेतात! दहांतल्या आठ बाई हे सुचवतील आणि सुचवताना त्यांचे डोळे चमकतील. नको. उपयोगी पडला म्हणून आपला झाला, हे मांजर-कोंबडीचंच तत्त्वज्ञान: अंडी घालता येतात का? ज्या मुलाला धड पळता येत नाही, पाढे येत नाहीत, ज्याच्या हातून कोणी कधी वाचणार नाही, त्यानं या नाटकातून काय घ्यायचं?

प्रेमाचा प्रसंग सातवीच्या वर असेल तर घ्यावा, आणि तो छोटा असावा. रोहितांचं जोडीदार शोधणं हा सामूहिक प्रकार असतो. थवाच्या थवा माना ताठ करून, डोकी डावी-उजवीकडे झटकत, दाटीनं एका दिशेला चालत जातो, मग एकदम वळतो, मधूनच पंख उघडून मिटतो. नृत्य बसवणाऱ्यांना यापेक्षा तयार माल मिळणार नाही. आठ मात्रांत पुढे, दोन मात्रांत वळण, सहा मात्रांत पंख. चाळीस मुलांना जमतं आणि प्रत्येक आईबाबांना आपलं मूल दिसतं. या चालीत करडा कडेला चालत असतो. एक गुलाबी पक्षी रांग सोडून त्याच्या शेजारी येऊन चालायला लागतो. झालं. दोघांनी बोलायचं नाही. संहितेत कोणीतरी हमखास घालेल, ‘तुझं मन किती सुंदर आहे!’ ते वाक्य खोडा. मन सुंदर आहे असं ज्याला सांगितलं जातं, त्याला तोंडाबद्दलचा निकाल आपोआप कळतो. शेजारी का आला हे सांगायचं नाही, त्यालाही विचारू द्यायचं नाही.

बदल दाखवायचाच असेल तर दिव्यांनी दाखवा. शाळांच्या कार्यक्रमात हल्ली ‘एलईडी पार’ नावाचे रंग बदलणारे दिवे लागतात आणि ‘दुःख’ म्हटलं की दिवेवाला भडक निळा टाकतो. भारतीय सावळ्या कातडीवर तो निळा राखेसारखा बसतो, मूल आजारी दिसतं. मग शेवटी पिवळा टाकला की तेच मूल उजळतं आणि अर्थ पुन्हा तोच निघतो. त्याऐवजी उलट करा. करड्यावर पहिल्यापासून उबदार पिवळा ठेवा, कडेला असला तरी. थव्यावर आणि मागच्या पडद्यावर थंड प्रकाश. शेवटच्या चालीत करड्यावरचा प्रकाश हलवायचाच नाही, तो हळूहळू वीस अंक मोजत बाकीच्या रंगमंचावर पसरू द्यायचा. जी मुलं त्याच्याजवळ येतात ती त्याच्या उजेडात येतात. हे तालमीत एकदा नाट्यगृहातच बघावं लागतं. नाट्यगृहाचं सत्र तीन-चार तासांचं, त्यातली पंचवीस मिनिटं या एका बदलासाठी आधीच मागून ठेवा. नंतर मिळत नाहीत.

रंगभूषेत एकच नियम: काळं फासायचं नाही आणि पांढरंही. चाळीस मुलांना एकाच डब्यातला पॅनकेक लावला की चेहरे पांढरेफटक आणि माना सावळ्या, हे दृश्य प्रत्येक पालकाच्या मोबाइलमध्ये आहे. बेसच्या तीन छटा ठेवा आणि जबड्याच्या कडेला बोटभर लावून जी दिसेनाशी होते ती निवडा. एका मुलाला दीड मिनिट जास्त लागतं, म्हणजे चाळिसांना एक तास. दुसरा माणूस लावा किंवा बेस लावूच नका. शाळेच्या नाटकात डोळ्यांची काजळरेघ आणि थोडी पावडर पुरते. गोऱ्या करणाऱ्या क्रीमनंही २०२० साली नावातला ‘फेअर’ काढला. आपले रंगभूषेचे डबे अजून तिथेच आहेत.

मुखवटा घ्यायचा तर अर्धा घ्या, कपाळ ते नाकाचा शेंडा. पूर्ण मुखवट्यात आवाज कोंडतो आणि मूल घामानं गुदमरून मधेच तो वर ढकलतं. फुग्यावर वर्तमानपत्राच्या बोटभर पट्ट्यांचे चार थर पुरतात, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. डिसेंबरात रात्रभरात वाळतो. घाई केली की आतला थर ओला राहून दोन दिवसांत वास मारतो. खळीला एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईतो. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, मुलांच्या तोंडावर येणाऱ्या वस्तूत तो अजिबात नको, विषारी असतो. कपाळाशी आणि दोन्ही गालफडांशी स्पंजचा एकेक तुकडा चिकटवला की आत हवा खेळते. चष्मेवाल्या मुलाला मुखवटा न देता टोपी द्या, चोच टोपीला.

पात्रनिवड हा या सगळ्याचा कणा, आणि तिथे चूक झाली तर वरचं सगळं वाया. जाड, सावळ्या, तोतऱ्या, पायाला आधाराचा बूट घालणाऱ्या मुलाला ‘तूच शोभतोस’ म्हणून करड्याचं काम देणं म्हणजे वर्गातल्या टोपणनावावर शाळेचा शिक्का मारणं. नाटक बावीस मिनिटांचं, टोपणनाव दहावीपर्यंत. वर्गातला सगळ्यात निर्धास्त, सगळ्यांचा लाडका मुलगा किंवा मुलगी करडा करा. त्याला कोणी करडा म्हणून चिडवलं तर तो हसून सोडून देईल, आणि हळूहळू ते नाव वर्गात मानाचं होईल. यावर कोणी म्हणेल, मग ज्याला खरंच हाकललं जातं त्याला रंगमंच कधी? बरोबर आहे. त्यासाठी दुसरा रस्ता आहे. रत्नाकर मतकरींनी २०१४ साली समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ठाण्यातच ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. तिथे वस्त्यांमधली मुलं स्वतःचे विषय घेऊन स्वतःच्या शब्दांत नाटिका बसवतात. फरक कळतो का? तिथे मूल काय सांगायचं ते ठरवतं. संमेलनात मोठी माणसं त्याला काय दिसायचं ते ठरवून देतात. मुलानं स्वतः येऊन मागितलं, की मला करडा करायचाय, तर जरूर द्या. विचारल्याशिवाय देऊ नका.

आक्षेप एक खरा आहे, त्याला उत्तर द्यायला हवं. मुलांना जादू हवी असते. रूपांतर म्हणजे जादू, ती काढून तुम्ही शिकवणीचा तास भरवताय. मान्य, निम्मं. संदेशाच्या पाट्या घेऊन उभी राहिलेली मुलं बघण्यापेक्षा हंस परवडला. पण जादू म्हणजे गोरं होणं, हे कुठे लिहिलंय? भोपळ्याची गाडी होते, सश्याला बोलता येतं, सहा मीटर कापडाची खाडी होते, चाळीस मुलं एका थापेवर पक्षी होतात. जादूची कमतरता नाही. आपण तिचा सगळा साठा एका मुलाच्या कातडीवर खर्च करतो, एवढीच तक्रार आहे.

पालकांची एक शंका उरते, ती खर्चाची. गुलाबी पोशाख ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं येतात, दोन-तीन मापांत, काखेत नेहमी घट्ट. करड्याला भाडं लागत नाही. पुष्कळ शाळांच्या गणवेशाची पँट करडीच असते. वर सव्वा मीटर मांजरपाट करड्या रंगात बुडवून, पाच सेंटिमीटरच्या पट्ट्या कापून, तीन ओळींत जुन्या बनियनवर शिवल्या की पंख तयार. मीठ घालून रंग उकळवा, नाहीतर घामानं उतरून मान करडी होते. कार्यक्रम झाला की सव्वीस गुलाबी पोशाख विंगेतच उतरवून घेतले जातात, गठ्ठे मोजून टेम्पोत जातात, एखादा कमी भरला की बाईंची रात्र त्यातच जाते. करडा तसाच बाहेर येतो, तलावपाळीवर आईबाबांबरोबर भेळ खातो, आणि पंख घरी घेऊन जातो.